विचारा की! खडकावरच्या लाइटहाऊसचे प्रश्न

मागच्या अंकात आपण आइसलँडजवळच्या थ्रीद्रांगर लाइटहाऊसचा फोटो छापला होता, समुद्रातनं सरळ वर आलेला काळा सुळका आणि त्याच्या डोक्यावर लाल छपराचं एवढंसं पांढरं घर. खाली फक्त चार ओळी होत्या. त्यावर सातारा-सांगलीकडनं इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं, आपल्याला समुद्र बघायचा तर आधी घाट उतरावा लागतो. सगळे प्रश्न घेणं जमणार नाही, सारखे होते ते एकत्र केलेत, आणि "हे एआयनं बनवलंय" असं ठणकावून सांगणारे बरेच होते म्हणून सुरुवात त्यांच्यापासनंच करू.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर हाच फोटो "जगातलं सगळ्यात एकटं घर, इथे एक म्हातारा ४० वर्षं राहतोय" म्हणून फिरतोय. खरं काय आणि खोटं काय? – किराणा दुकानदार, कोरेगाव

उत्तर : फोटो खरा, म्हातारा खोटा. आइसलँडच्या दक्षिणेला वेस्टमन बेटं आहेत, तिथले हे तीन सुळके, त्यातल्या मोठ्यावर १९३८-३९ मध्ये लाइटहाऊस बांधलं. समुद्रापासनं शंभर फुटांच्या वर आहे ते. तिथं कोणी राहत नाही, दिवा आपला आपण चालतो आणि देखभालीची माणसं हेलिकॉप्टरनं जाऊन येतात. आता गंमत अशी की त्याच बेटांमध्ये एलिडाए नावाचं दुसरं एक हिरवंगार बेट आहे आणि त्यावरही एकच पांढरं घर आहे, ते मात्र शिकाऱ्यांचं लॉज, पफिन पक्ष्यांच्या शिकारीला येणारे लोक तिथं मुक्काम करतात. रीलवाल्यांनी या दोन घरांची खिचडी केली आणि वरनं चवीला म्हातारा घातला. ग्रुपवर सांगून बघा. ऐकतील असं नाही.

प्रश्न : १९३८ ला हेलिकॉप्टर नव्हतं, मग त्या सुळक्यावर पहिला माणूस चढला कसा? – ट्रेकिंग करणारी पोरं, सातारा

उत्तर : वेस्टमन बेटांवरच्या लोकांना कडे चढायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, पक्ष्यांची अंडी काढायला दोराला लटकून कड्यावर उतरायचं हे तिथं पोरं लहानपणीच शिकतात. त्यातले पट्टीचे चढणारे बोटीनं नेले. खडकात खिळे ठोकत, साखळ्या बांधत वरपर्यंत गेले आणि माथ्याच्या अलीकडे येऊन अडकले कारण तिथं हाताला काही लागेना आणि खिळा ठोकायला भेगही मिळेना. मग काय केलं, एक जण गुडघे टेकून ओणवा झाला, दुसरा त्याच्या पाठीवर चढला, तिसरा दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि त्या तिसऱ्याचा हात काठाला पोचला. दहीहंडीचे तीन थरच म्हणा ना, फक्त खाली गोविंदांच्या जागी अटलांटिक महासागर. कामाचे प्रमुख आर्नी थोरारिन्सन यांनी स्वतःच ही हकिगत सांगितलेली आहे. तुम्ही पोरांनी वासोट्यावर याची प्रॅक्टिस करायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : मी सिव्हिल डिप्लोमाला आहे. भर समुद्रात खडकावर फाउंडेशन घेताना पाणी बाजूला कसं करायचं? आम्हाला बंधारा घालून पाणी उपसायचं शिकवतात. – विद्यार्थी, कराड

उत्तर : शंभर नंबरी प्रश्न. सगळे लोक वर बघतात, किती उंच, केवढं भिंग, दिवा किती लांब दिसतो. माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणात खरी कसोटी पहिल्या दहा-बारा फुटांची, एकदा काम भरतीच्या पाण्याच्या वर आलं की पुढचं कोणताही चांगला इंजिनिअर करून दाखवतो. आणि पहिल्या दहा-बारा फुटांत शत्रू कोण, तर घड्याळ.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला सेन बेटाच्या पुढं आर-मेन म्हणून खडक आहे, ओहोटीलाही पाण्याच्या जेमतेम वर येतो. तिथं १८६७ मध्ये काम सुरू झालं. पहिल्या अख्ख्या वर्षात खडकावर उतरायला जमलं ७ वेळा आणि सगळं मिळून काम झालं ८ तास. वर्षभरात ८ तास! काम करणारे सेन बेटावरचे कोळी, कमरेला कॉर्कचा पट्टा बांधून, पोटावर झोपून, एका हातानं खडक धरायचा आणि दुसऱ्या हातानं भोक पाडायचं, लाट आली की सगळं सोडून खडकाला मिठी मारायची, आणि एखादा वाहून गेलाच तर बोट मागं जाऊन त्याला उचलायची. त्या भोकांत लोखंडी गज रोवले, गजांच्या आधारानं दगड बसवले, आणि दिवा लागला १८८१ मध्ये. चौदा वर्षं. तिथल्या कीपर लोकांनी, म्हणजे दिवा सांभाळणाऱ्यांनी, त्या जागेला नरकातला नरक असं नाव ठेवलं होतं.

दुसरं उदाहरण बेल रॉकचं, आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण तुमच्या अभ्यासाच्या कामाचं आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासनं साधारण १८ किलोमीटर आत, भरतीला हा खडक पूर्ण पाण्याखाली, दहा-बारा फूट पाणी त्याच्या डोक्यावर, ओहोटीला दोन-चार तास उघडा पडतो. म्हणजे जहाजाला दिसतच नाही, लागला की कळतो. जुन्या काळी एका मठाधिपतीनं तिथं घंटा बांधली होती अशी दंतकथा आहे, त्यावरनं बेल रॉक. १८०४ मध्ये 'यॉर्क' नावाची ब्रिटिश युद्धनौका सगळ्या माणसांसकट नाहीशी झाली, ती याच खडकावर फुटली असं मानतात, त्यानंतर सरकार हललं. १८०७ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झालं. साइटवर इंजिनिअर रॉबर्ट स्टीव्हन्सन, कागदावर चीफ इंजिनिअर जॉन रेनी, आणि श्रेय कुणाचं यावर दोघांच्या घराण्यांत पुढं कितीतरी वर्षं वाद चालला (साइट इंजिनिअर आणि कन्सल्टंट, हे भांडण तुमच्या नशिबातही आहे).

ओहोटी लागली की उतरायचं, छिन्नी-हातोडा चालवायचा, भरती आली की पळायचं. छिन्न्यांना धार लावायला लोहार खडकावरच भाता घेऊन बसायचा आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहूनही काम करायचा, एक लाट आली की भट्टी विझली. पायाच्या खड्ड्यात पाणी भरलेलं, ते रोज आधी उपसायचं. म्हणजे उपसा होताच, कायमचा बंधारा नव्हता. बंधारा घालून काम केल्याचं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडजवळच्या एडिस्टोन खडकावरचा आत्ताचा मनोरा बघ, १८८२ चा, तिथं पायाभोवती विटांचा बंधारा बांधून घेतला होता.

२ सप्टेंबर १८०७ ला काय झालं ऐक. खडकावर ३२ माणसं काम करत होती आणि ज्या जहाजानं त्यांना परत न्यायचं ते जहाज नांगर तुटून वाहत गेलं. उरल्या दोन छोट्या होड्या, त्यात कोंबून कोंबून २४ माणसं मावतील. पाणी चढायला लागलं. हिशोब स्टीव्हन्सनच्या लक्षात आला आणि हळूहळू माणसांच्याही, एकेक जण हातातलं हत्यार ठेवून उभा राहिला, कोणी बोलेना. स्टीव्हन्सन काहीतरी सांगायला गेला तर तोंडाला एवढी कोरड पडलेली की जीभ हलेना, त्यानं खडकाच्या खळग्यातलं खारं पाणी तोंडात घेतलं, आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, बोट! किनाऱ्यावरनं टपाल घेऊन एक पायलट बोट सहज आली होती. तिच्या नाखव्याचं नाव स्पिंक. टपाल एक दिवस उशिरा निघालं असतं तर तुमच्या सिलॅबसमधनं एक धडा कमी झाला असता.

त्यानंतर खडकातच लाकडी खांब रोवून त्यावर माणसांना राहायला खोली केली, मग भरतीतही माणसं साइटवरच राहायला लागली आणि कामाला खरा वेग आला. १ फेब्रुवारी १८११ ला दिवा लागला. ११५ फुटांचा मनोरा, खालचे तीसेक फूट आत पोकळ नाहीतच, सगळा भरीव दगड, दरवाजा त्याच्या वर. आजही उभा आहे.

प्रश्न : आमच्या वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू पुराचं पाणी कापायला माशासारखी केलीय असं सर सांगतात. मग लाइटहाऊस गोल का, तेही माशासारखं का नाही? – नववीतली विद्यार्थिनी, वाई

उत्तर : बाळा, हा प्रश्न वाचून मी एकदम खूश. तुमचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं ते १७६२ मध्ये, आणि इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरनं एडिस्टोन खडकावर दगडी लाइटहाऊस पुरं केलं ते १७५९ मध्ये. तीन वर्षांचा फरक. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता आणि दोघंही पाण्याला तोंड कसं द्यायचं यावरच डोकं लावत होते. कृष्णेचा पूर येतो एकाच बाजूनं, वरनं खाली, त्यामुळं त्या बाजूला भिंतीला टोक काढलं की पाणी दोन्हीकडं फाकतं आणि देवळावर थेट मार बसत नाही. समुद्रात असं ठरलेलं नसतं. वारा फिरला की लाट फिरते. टोक एका बाजूला काढलं तर दुसऱ्या बाजूची सपाट भिंत मार खाणार, म्हणून कुठनंही लाट आली तरी सारखीच असा गोल आकार.

स्मीटनचं म्हणणं असं की ओकचं झाड वादळात टिकतं कारण बुंधा खाली पसरट आणि वर निमुळता असतो, त्यानं मनोऱ्याला तोच आकार दिला. पुढं शंभरेक वर्षांनी लक्षात आलं की पसरट बुंध्यावरनं लाट सरळ वर चढत जाते, म्हणून त्याच खडकावर डग्लस नावाच्या इंजिनिअरनं जो पुढचा मनोरा बांधला त्याचा पाया सरळ उभ्या डब्यासारखा केला, लाट तिथंच आपटून फुटते. आणि स्मीटनच्या मनोऱ्याचं काय झालं, तर मनोरा धड होता पण त्याच्या खालचा खडकच लाटांनी पोखरला! मोठी लाट आली की सगळं हलायचं. शेवटी वरचा भाग दगड-दगड सोडवून प्लिमथ गावात किनाऱ्यावर परत उभा केला, तो अजून बघता येतो, आणि खालचा बुंधा समुद्रात नव्या मनोऱ्याशेजारी तसाच आहे. सरांना हे सांग, आणि देवळाची मागची बाजू पायानं मोजून मला कळव.

प्रश्न : सिमेंट नव्हतं त्या काळात पाण्यात दगड जोडले कशानं? आमच्या आजोबांच्या वेळी चुन्याची घाणी असायची. – गवंडीकाम करणारे, औंध

उत्तर : चुनाच. पण साधा चुना पाण्यात धरत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. आपल्याकडं त्यात सुरखी घालायचे, विटांची पूड, मग तो ओल्यातही धरायचा. स्मीटननं नेमका हाच उद्योग केला, गावोगावचे चुनखडीचे नमुने गोळा करून तपासले आणि त्याला दिसलं की ज्या चुनखडीत चिकणमाती मिसळलेली असते तिचा चुना पाण्यात घट्ट होतो. मग वेल्समधला तसला चुना आणि इटलीतनं आणलेली ज्वालामुखीची राख मिसळून काम केलं. आज आपण जे पोर्टलंड सिमेंट वापरतो ते १८२४ चं पेटंट, त्याच्या आधीची पायरी ही. शिवाय नुसत्या चुन्यावर सोडलं नव्हतं. प्रत्येक दगडाला खाचा आणि जिभा काढून तो शेजारच्यात अडकवलेला, एकट्या दगडाला बाहेर येताच येत नाही. आधी किनाऱ्यावर अख्खा थर मांडून बघायचा, नंबर टाकायचे, आणि मगच बोटीत चढवायचा.

प्रश्न : लाइटहाऊसच्या दारात माणूस उभा आणि मागनं अख्ख्या मनोऱ्याला गिळणारी लाट, तो फोटो बघितला असेल. तो माणूस वाचला का? – फोटो स्टुडिओवाले, मिरज

उत्तर : वाचला. फ्रान्समधलं ला जुमां लाइटहाऊस, २१ डिसेंबर १९८९, फोटो काढला जाँ गिशार यांनी हेलिकॉप्टरमधनं. आतल्या कीपरला हेलिकॉप्टरचा आवाज आला, त्याला वाटलं सुटका करायला आलेत, म्हणून दार उघडून बाहेर आला. मागची लाट त्याला दिसत नव्हती. क्लिक झाल्यावर लगेच आत जाऊन दार लावलं त्यानं.

त्या लाइटहाऊसची जन्मकथाही भारी आहे. पोत्राँ नावाचा एक श्रीमंत गृहस्थ जहाज फुटल्यावर वाचला होता, त्यानं मृत्युपत्रात चार लाख फ्रँक ठेवले, अट अशी की त्या बाजूच्या धोक्याच्या खडकावर ७ वर्षांत लाइटहाऊस व्हायला पाहिजे नाहीतर पैसे दुसरीकडं. मग काय, घाई. १९०४ ला सुरू आणि १९११ ला पुरं, आणि पहिल्याच हिवाळ्यात मनोरा असा थरथरायला लागला की पुढं बरीच वर्षं पायाला मजबुती द्यायचंच काम चाललं. डेडलाइन घालून बांधलेल्या कामाचं काय होतं ते आपल्याकडं वेगळं सांगायला नको.

प्रश्न : दिवा पाऱ्यावर तरंगतो असं ऐकलं. पटत नाही. – गलाई व्यवसायातले एक वाचक, विटा

उत्तर : दिवा नाही, भिंग. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२०च्या सुमारास काचेच्या पट्ट्या-पट्ट्यांचं भिंग काढलं, ते दिव्याभोवती फिरतं आणि म्हणून लांबनं दिवा लुकलुकल्यासारखा दिसतो. मोठ्या भिंगांचं वजन काही टन. तेवढं वजन चाकांवर फिरवायचं म्हणजे घर्षण फार, म्हणून गोल खाचेत पारा ओतून त्यावर अख्खं भिंग तरंगत ठेवायचे, मग बोटानं ढकललं तरी फिरतं. फिरवायला मोटर नव्हती, मनोऱ्याच्या मधनं वजन खाली सोडलेलं असायचं आणि भिंतीवरच्या घड्याळासारखी किल्ली द्यायची, रात्रभर, दर थोड्या तासांनी. पारा जड असतो म्हणून काच त्यावर तरंगते, तुमच्या धंद्यातल्या माणसाला हे पटायला हरकत नाही. पाऱ्याची वाफ वाईट, हेही तुम्ही जाणताच. कीपर वेडे व्हायचे ते पाऱ्यामुळं असं बरेच जण लिहितात, पारा विषारी आहे हे खरंच आहे, पण महिनोन्‌महिने त्याच दोन तोंडांसमोर बसून माणूस पाऱ्याशिवायही वेडा होऊ शकतो असं मला वाटतं. आता बऱ्याच ठिकाणी पारा काढून टाकलाय, एलईडी आलेत.

प्रश्न : तीन माणसं एवढ्याशा मनोऱ्यात कोंडून कशी राहायची हो? आमच्याकडं तीन जावा एका स्वयंपाकघरात... जाऊ दे. आणि तीन कीपर गायब झाले होते ते प्रकरण काय? – गृहिणी, इस्लामपूर

उत्तर : ताई, तीन माणसं का, याचंच उत्तर आधी ऐका. आधी दोनच असायची. वेल्सच्या किनाऱ्यापासनं लांब स्मॉल्स नावाच्या खडकावर लाकडी खांबांवरचं लाइटहाऊस होतं, तिथं १८०१ च्या सुमारास ग्रिफिथ आणि हॉवेल असे दोघं होते, आणि दोघांचं पटत नाही हे अख्ख्या गावाला माहीत. ग्रिफिथ आजारी पडून गेला. हॉवेलला भीती अशी की प्रेत समुद्रात टाकलं तर लोक म्हणणार यानंच मारला, त्यामुळं त्यानं फळ्यांची पेटी करून प्रेत बाहेर कठड्याला बांधून ठेवलं. वादळ चालू, बोट येईना, आठवड्यांवर आठवडे गेले. पेटी वाऱ्यानं फुटली, प्रेताचा हात बाहेर लोंबायला लागला, लांबनं जाणाऱ्या जहाजांना वाटायचं कोणीतरी हात करतंय, सगळं ठीक दिसतंय. आणि हॉवेलनं त्यातही दिवा एक रात्र चुकवला नाही. सुटका झाली तेव्हा त्याला ओळखीचे लोकही ओळखेनात म्हणे. त्यानंतर ब्रिटनमध्ये खडकावर तीन कीपर असा रिवाज पडला. म्हणजे तिसरा माणूस भांडण सोडवायला नाही, साक्षीला.

गायब झालेले तिघं फ्लॅनन बेटांवरचे, डिसेंबर १९००. १५ तारखेच्या रात्री जाणाऱ्या जहाजाला दिवा बंद दिसला, खराब हवेमुळं बदलीची बोट पोचली थेट २६ तारखेला, वर कोणी नाही. ड्यूकॅट, मार्शल आणि मॅकआर्थर, तिघांचा पत्ता आजतागायत नाही. अर्धवट जेवलेलं ताट, उलटी पडलेली खुर्ची, हे जे व्हिडिओत दाखवतात ते नंतर कुणीतरी रंगवलेलं, तपासाच्या अहवालात तसलं काही नाही. उलट ताटं-भांडी आवरलेली होती. अहवालात काय आहे तर पश्चिमेकडच्या धक्क्याची मोडतोड, समुद्रापासनं ११० फुटांवर ठेवलेली पेटी फुटून आतले दोर विखुरलेले, आणि एकाचा रेनकोट आतच टांगलेला. दोघं सामान वाचवायला गेले असणार आणि तिसरा घाईत तसाच त्यांच्या मागं धावला, लाट तिघांनाही घेऊन गेली. मला हे पुरेसं वाटतं, भूत लागत नाही.

जावांबद्दल मी बोलणार नाही.

प्रश्न : एका कीपरच्या पोटातनं शिसं निघालं होतं ही थाप ना? – निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, खरं आहे. एडिस्टोनवरच, स्मीटनच्या आधी तिथं लाकडी लाइटहाऊस होतं, २ डिसेंबर १७५५ ला ते पेटलं. कीपर हेन्री हॉल, वय ९४ सांगतात. खालनं बादलीनं पाणी फेकत होता आणि वर बघताना छपराचं वितळलेलं शिसं तोंडात पडलं. डॉक्टरांना तो सांगत होता, कोणी विश्वास ठेवला नाही. काही दिवसांनी गेला तेव्हा पोटात शिशाचा गोळा मिळाला, तो एडिनबरोच्या म्युझियममध्ये ठेवलाय. त्याच खडकावरचं सगळ्यात पहिलं लाइटहाऊस तर १७०३ च्या वादळात बांधणाऱ्या विन्स्टॅन्लीसकट गेलं. तो दुरुस्तीला म्हणून त्याच रात्री आत होता.

प्रश्न : आपल्या महाराष्ट्रात असं काही आहे का, जाता येईल का? – द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : आहे. मुंबईत कुलाब्याच्या टोकाच्या पुढं खडकावर प्रॉन्ग्ज लाइटहाऊस, १८७५ चं, थॉमस ऑर्मिस्टन यांनी बांधलेलं, ओहोटीला चालत जाता येईल एवढं जवळ, पण अलीकडचा भाग संरक्षण खात्याच्या हद्दीत, उठसूट सोडत नाहीत. अलिबागसमोर खांदेरी किल्ल्यावर १८६७ चं. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतला, आता बेटाला नाव कान्होजी आंग्रे यांचं, आणि कान्होजी म्हणजे आपल्या साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे सरखेल, तेव्हा समुद्राशी आपला संबंध नाही असं कोणी म्हणू नये. आणि खरंखुरं आडबाजूचं हवं असेल तर सिंधुदुर्गात निवतीसमोर वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, लाळेनं घरटी करणारी जात, ती घरटी सूपसाठी बाहेरच्या देशांत विकायला चोरून नेली जायची, आता त्यांना कायद्यानं संरक्षण आहे. पावसाळ्यात त्या बाजूला बोट काढायचं नावही काढू नका.

बायका-पोरांना घेऊन जायचं असेल तर सरळ रत्नागिरी किंवा देवगड. किनाऱ्यावरचीच आहेत, संध्याकाळी ठरलेल्या वेळात तिकीट काढून वर सोडतात, वेळ आधी फोन करून विचारा, उगीच छाटणीच्या दिवसांत सुट्टी काढून जाल आणि कुलूप बघून याल.

प्रश्न : आता जीपीएस असताना यावर पैसा कशाला? – फलटण

उत्तर : जीपीएस बंद पडतं, मुद्दाम बिघडवताही येतं, अलीकडं लढाया चालू असलेल्या भागांत जहाजांना हा त्रास होतोच आहे. शिवाय खर्च पहिल्यासारखा राहिलेला नाही, कीपर गेले, सोलार आणि बॅटरी आली, कधीतरी माणूस जाऊन येतो. जाणंही सोपं झालंय, इंग्लंडमधल्या वुल्फ रॉकवर १९७३ मध्ये मनोऱ्याच्या डोक्यावरच हेलिपॅड बसवलं. नाहीतर बोटीतनं दोरावर लोंबकळत उतरायचं आणि हवा बिघडली की घरचे आठवडाभर वाट बघणार.

प्रश्न : अजिंक्यताऱ्यावर लाइटहाऊस लावलं तर कुठपर्यंत दिसेल? – सहावीतला वाचक, सातारा

उत्तर : उंची मीटरमध्ये घे, वर्गमूळ काढ, ३.५७ नं गुण, तेवढे किलोमीटर. किल्ला शहराच्या वर समज ३०० मीटर, तर साधारण ६२ किलोमीटर. पण हे समुद्रासारख्या सपाट जागेचं गणित, आपल्याकडं मधे डोंगर आडवे येतात, त्यामुळं मोजायचं राहू दे. समुद्रातला ४० मीटरचा दिवा २२-२३ किलोमीटरवरनं दिसतो आणि बघणारा जहाजावर २० मीटर उंच उभा असेल तर त्याचे आणखी १६ मिळवायचे. वर्गमूळ अजून शिकवलं नसेल तर बाबांना विचार.

प्रश्न : यंदा मंडळाचा देखावा खडकावरच्या लाइटहाऊसचा करायचा ठरतोय. दिवा खरा वाटेल असा कसा करायचा? – गणेश मंडळाचे कार्यकर्ते, सांगली

उत्तर : बल्ब चालू-बंद करू नका, तिथंच खोटं दिसतं. खऱ्यात दिवा सतत चालू असतो आणि भिंग फिरतं. मधे एक एलईडी कायम चालू ठेवा, भोवती चार खिडक्यांचा काळा डबा, आणि डबा फिरवायला मिनिटाला ३ फेऱ्यांची गिअर मोटर. चार खिडक्या, २० सेकंदाला एक फेरी, म्हणजे दर ५ सेकंदाला एक झोत, आयर्लंडच्या फास्टनेट लाइटहाऊसचा हाच हिशोब आहे, कोणी विचारलं तर तसं सांगा. प्रत्येक लाइटहाऊसचा ठेका वेगळा ठेवतात म्हणजे खलाशाला सेकंद मोजून कळतं आपण कुठं आहोत. मनोऱ्याचं दार जमिनीला लावू नका, वर काढा आणि खाली शिडी, नाहीतर बेल रॉकवाला प्रश्न वाचलेला एखादा येऊन चूक काढेल. खडक थर्माकोलचा नको, बंदी आहे, जुनी पोती आणि माती चालेल. आणि लाटा दाखवायला पाण्याचा फवारा मारायचा विचार कोणाच्या तरी डोक्यात येणारच, त्याला आत्ताच गप्प बसवा, वायरिंग सगळं खालीच असतं.